हिरवा, निळा, पिवळा, केशरी, लाल : एक कादंबरी आणि आपले वर्ग



आठवी-नववीच्या पुढची बरीच मुलं आजकाल इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यातल्या पुष्कळशा एकाच साच्यातल्या असतात. जग बिघडलेलं, सरकार जुलमी, मोठी माणसं एकतर दुष्ट नाहीतर घाबरट, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांकडे काहीतरी अचाट शक्ती. पालक मला विचारतात, "मॅडम, असलं वाचू द्यायचं का?" माझ्या मोठ्या बहिणीनेही हेच विचारलं. तिचा मुलगा नागपूरला अकरावीत आहे आणि असल्या पुस्तकांत बुडालेला असतो. पुस्तक न वाचताच त्यावर मत देणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण मला ते जमत नाही. म्हणून त्याचं एक पुस्तक मागून घेतलं आणि डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर पुरवून पुरवून वाचलं. पुस्तकाचं नाव 'द डार्केस्ट माइंड्स', लेखिका अलेक्झांड्रा ब्रॅकन. अमेरिकेत २०१२ साली ते आलं आणि २०१८ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला.

माझं मत आधीच सांगून टाकते. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांना हे पुस्तक खुशाल वाचू द्या. आणि मुलांच्याही आधी ते आपण शिक्षकांनी वाचायला पाहिजे. कारण पुस्तक दिसायला अचाट शक्तीचं असलं तरी त्याचा खरा विषय आहे मुलांची वर्गवारी. आणि ते काम तर आपण रोज करतो.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेत एक आजार येतो, तो फक्त मुलांना होतो आणि बहुतेक मुलं त्यात मरतात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच चौथीच्या वर्गातली एक मुलगी जाते, त्या वर्गातली पहिली. मी स्वतः चौथीला शिकवते. तिथे मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशीच पुढे वाचलं. जी मुलं वाचतात त्यांच्यात काही ना काही शक्ती येते. मग सरकार सगळ्या मुलांना 'उपचार' करायचे म्हणून छावण्यांमध्ये नेतं. तिथे प्रत्येकाची तपासणी होते आणि प्रत्येकाला एक रंग मिळतो. ज्यांची बुद्धी आणि स्मरणशक्ती तल्लख झाली ते हिरवे. हात न लावता वस्तू हलवणारे निळे. वीज खेळवणारे पिवळे. दुसऱ्याच्या मनात शिरणारे केशरी, आणि आग लावू शकणारे लाल. हिरवे-निळे सांभाळायला सोपे, म्हणून ते ठेवायचे. केशरी-लाल धोक्याचे. त्यांना एक दिवस छावणीतून कुठेतरी नेतात आणि मग ते परत दिसत नाहीत.

नायिका रूबी. छावणीत आली तेव्हा दहा वर्षांची होती. ती खरी केशरी, पण तपासणाऱ्याच्या मनात शिरून त्याच्याकडून स्वतःला हिरवी लिहवून घेते आणि सहा वर्षं हिरवी म्हणून खाली मान घालून जगते. तिला आपल्या शक्तीची लाज वाटते, भीती वाटते. कारण दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री तिच्या नकळत तिचा हात लागला आणि आईबापांच्या मनातून ती पुसली गेली. सकाळी आईच तिला विचारते, तू कोण? त्या प्रसंगापुढे कादंबरीतल्या सगळ्या मारामाऱ्या फिक्या आहेत.

आता मुद्द्यावर येते. तपासणी, रंग, यादी, भिंतीवरचा तक्ता. हे वाचताना मला आपल्याच शाळा दिसत होत्या. दचकू नका, आपल्या शाळा म्हणजे छावण्या, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं खोटं तर होईलच, शिवाय आपल्या कामाचा अपमान होईल. मुलाला कुठवर येतं ते तपासल्याशिवाय शिकवायचं कुठून हे कळत नाही, हे आपल्याला डी.एड.ला पहिल्याच वर्षी शिकवलं. 'असर'च्या चाचणीत प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे स्तर आहेत. 'प्रथम' संस्थेने मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या स्तराप्रमाणे बसवून शिकवायची जी पद्धत रुजवली, ती उपयोगाची आहे. माझ्या वर्गात ती चालते हे मी रोज बघते. तिसरीचं पुस्तक हातात घेऊन नुसतं तोंड हलवणाऱ्या पोराला आधी शब्दांवर आणलं तर चार महिन्यांत ते परिच्छेद वाचतं. स्तर चांगलाच आहे. पण स्तर मुलाला कधी चिकटतो, ते आपल्याला कळतही नाही.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. हेतू चांगला होता, एकही मूल मागे राहू नये. पायाभूत चाचण्या झाल्या, संकलित झाल्या. आणि त्यासोबत स्टाफरूममध्ये दोन शब्द आले, प्रगत आणि अप्रगत. 'अप्रगत' हे कामाचं विशेषण होतं, म्हणजे या मुलाचं अमुक कौशल्य अजून व्हायचं आहे. पण बोलता बोलता त्याचं नाम झालं. "माझ्याकडे सहा अप्रगत आहेत." सहा काय? सहा मुलं. पण वाक्यातून मुलं गळून पडली आणि अप्रगत तेवढे उरले. कादंबरीतही अगदी असंच होतं. सुरुवातीला 'केशरी गटातली मुलगी' असते, दहा पानांनी नुसती 'एक केशरी' होते. लेखिका यावर एक शब्दही बोलत नाही, पण वाचणाऱ्याला ते टोचतं.

तसा आपला जुना शब्द आहेच, 'ढ'. ब्राह्मीपासून आजवर या अक्षराचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून जो बदलत नाही तो ढ, असं कौतुकाने सांगतात. खरंखोटं लिपीवाले जाणोत. पण कोणीतरी एका अख्ख्या अक्षरालाच कामाला लावलं, याचं मला नवल वाटतं. पहिलीच्या पोराला मी ढगातला ढ शिकवते तेव्हा मागच्या बाकावरून हसू येतं. सहा वर्षांच्या मुलाला हे हसू कुठून मिळालं?

एका शाळेत मी भिंतीवरचा तक्ता पाहिला होता. नावांपुढे टिकल्या, हिरवी, पिवळी, लाल. पालकसभेला आलेली एक आई, धानाच्या बांधीतून तशीच आलेली, पदराला चिखल. तिला वाचता येत नव्हतं. तिने तिथल्या मॅडमना विचारलं, "माजा पोरगा हिरव्यामंदी आहे का लालमंदी जी?" पोराला काय येतं, काय येत नाही, हे विचारलंच नाही. तिला रंग कळला, तिच्यापुरती शाळा तेवढीच कळली. तक्ता लावणाऱ्या शिक्षिका मनापासून काम करणाऱ्या होत्या, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे सांगते. वाईट शिक्षकाचा प्रश्न वेगळा आहे. चांगल्या शिक्षकाच्या हातूनही टिकली लागते.

लाल टिकलीवाल्या मुलाला काय काय येतं, ते तक्त्यात मावत नाही. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. ढिवर समाजाची पोरं मामा तलावाच्या काठावर वाढतात. पाण्याच्या रंगावरून खोली सांगतात, कोणत्या जाळ्यात मरळ येईल आणि कोणत्यात नाही हे सांगतात. पावसाळ्यात आठ-आठ दिवस बापासोबत पाण्यावर असतात, शाळेत गैरहजर. मग चाचणीत 'शब्द स्तर'. मी त्यांना सुपरपॉवर आहे असं म्हणणार नाही, गरिबीचं कौतुक करणं मला आवडत नाही. त्या मुलाला वाचता आलंच पाहिजे, आणि ते शिकवणं माझी जबाबदारी आहे. पण चाचणी घेणाऱ्याला फक्त उणं दिसत असेल तर त्याची चाचणी अर्धीच झाली.

कोणी म्हणेल, मॅडम, तुम्ही अमेरिकेतल्या कल्पनेतून कुठे आलात? मुलांना तारेच्या कुंपणात टाकणं वगैरे कादंबरीतच होतं. नाही हो. ते आपल्याकडे झालं आहे आणि कायद्याने झालं आहे.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार, असं त्यात गृहीत धरलं होतं. १९११ मध्ये तो कायदा विस्तारला, १९२४ मध्ये पुन्हा नव्याने आला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, टकारी, भामटा, कंजारभाट, किती नावं सांगू. माणसांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, गाव सोडायला परवानगी लागायची. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती. तिथल्या माणसांनी गिरण्यांमध्ये काम करायचं आणि हजेरी द्यायची. आजही सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचं नाव म्हणून लोकांच्या तोंडी आहे. आणि या कायद्यातलं एक कलम शिक्षकांनी तरी वाचलंच पाहिजे. सरकार अशा जमातींच्या मुलांसाठी औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहाच्या शाळा काढू शकेल, आणि मुलांना आईबापांपासून तोडून त्या शाळांत ठेवू शकेल. मूल म्हणजे कोण? सहा वर्षांच्या वरचं आणि अठरा वर्षांच्या आतलं.

सहा ते अठरा. म्हणजे आपली पहिली ते बारावी. आणि त्या जागेला कायद्याने शाळाच म्हटलं होतं.

कादंबरीत मुलांना निदान शक्ती तरी असते, सरकारला घाबरायला काही कारण तरी असतं. इथे कारण काय, तर जन्म. स्वातंत्र्य मिळालं तरी लगेच सुटका झाली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी लोकांच्या मनातली यादी राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांनी ते वाचलं त्यांना ती यादी कशी राहते हे सांगायला नको. वर्गात पेन हरवला की पहिली नजर कोणाच्या दप्तराकडे जाते, हे प्रत्येकाने आपापल्या वर्गात पाहावं.

आणि शक्ती असलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या मुलांची गोष्ट आपल्याला नवी आहे का? मला तर वाचताना सारखी आळंदीची चार भावंडं आठवत होती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. संन्याशाची पोरं म्हणून बहिष्कृत. परंपरा सांगते की आईवडिलांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं, पोरं उघड्यावर पडली आणि शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. म्हणजे काय, तर तुम्ही कोणत्या यादीत बसता त्याचा कागद आणा. रेड्यामुखी वेद, चालणारी भिंत या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. परंपरेप्रमाणे जन्मसाल १२७५ धरलं तर लिहिणारा पंधरा वर्षांचा होता. आपल्या दहावीच्या पोराएवढा.

या दोन गोष्टींत एक मोठा फरक आहे. रूबीच्या गटातली मुलं बाहेर पडल्यावर, आपल्याला ज्यांनी कोंडलं त्यांच्याशी लढायचं की पळायचं, याच विचारात असतात. एक तिसरा मुलगा आहे, राष्ट्राध्यक्षाचाच पोरगा, त्याला तर स्वतःची सत्ता हवी. ज्ञानदेवाने शेवटी सगळ्यांसाठी मागितलं, दुष्टांसाठीसुद्धा. पण तिथे पोचण्याआधी तोही एकदा दुखावून दार लावून बसला होता, आणि धाकट्या मुक्ताईला दाराशी उभं राहून त्याला समजवावं लागलं. ताटीचे अभंग त्यातूनच आले असं मानतात. रूबीची कथा वाचणाऱ्या मुलाला मुक्ताईची ही गोष्ट जरूर सांगा. त्याला ती पाठ्यपुस्तकापेक्षा जवळची वाटेल. माझ्या भाच्याला वाटली.

शक्तीचा विषय निघालाच आहे म्हणून एक वेगळी गंमत. छावणीतले आईबाप मुलाची शक्ती दिसली की घाबरतात. आपल्याकडचे काही पालक शक्ती विकत घ्यायला धावतात. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ची जाहिरात तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि त्याने हाताने चाचपून किंवा वास घेऊन रंग ओळखायचा, वाचून दाखवायचं. हजारो रुपये फी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आणि मंगळूरच्या नरेंद्र नायक यांनी वेळोवेळी दाखवून दिलं की मूल नाकाशेजारच्या फटीतून बघतं. फट नीट बंद केली की शक्ती गायब. यात मला राग फसवणाऱ्यांचा येतो तेवढाच दुसऱ्या एका गोष्टीचा येतो. मुलाला पहिल्या दिवशीच कळलेलं असतं की आपल्याला खालून दिसतंय. पण आईबाबा इतके खुश आहेत, पैसे भरले आहेत, टाळ्या पडत आहेत. मग ते गप्प राहतं. रूबी भीतीने सहा वर्षं हिरवी बनून राहते, हे मूल आईबाबांच्या आनंदासाठी 'शक्तिमान' बनून राहतं. दोघांनाही आपण जसे आहोत तसं सांगायची सोय नाही.

आता न आवडलेलं. पुस्तक लांबलं आहे. रूबी आणि लिअम या मुलाचं एकमेकांकडे बघणं, लाजणं, परत बघणं यात बरीच पानं गेली आहेत. ती मी भराभर उलटली, पण सोळा वर्षांची मुलं बहुधा तीच सावकाश वाचत असतील. असो. दुसरं, मोठ्या माणसांवर लेखिकेचा फारच राग आहे. शिक्षक तर जवळजवळ नाहीतच. इतक्या मोठ्या देशात मुलं शाळेतून उचलून नेली आणि एकही शिक्षक दाराशी आडवा उभा राहिला नाही? मला हे पटत नाही. की पटवून घ्यायचं नाही, कोण जाणे.

झू नावाची एक लहान मुलगी मात्र या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं पात्र आहे. ती बोलत नाही. काय झालं म्हणून बोलत नाही, हे तिच्या सोबतची मुलं खोदून विचारत नाहीत. ती लिहून सांगते, खुणांनी सांगते, आणि बाकीची तिला तशीच धरून चालतात. आपल्या वर्गात न बोलणारं मूल आलं की आपण आठवड्याभरात "बोल ना, तोंड उघड ना" सुरू करतो. विशेष शिक्षकांचा सल्ला घ्यावा, पालकांशी बोलावं, हे सगळं आहेच. पण तोवर त्याला लिहू द्या, चित्र काढू द्या, गाडीत जागा द्या.

आणि एक प्रसंग. ज्यांनी पुस्तक वाचायचं ठरवलं आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. छावणीतून पळताना एक मुलगा मेलेला असतो. त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र त्याचे मित्र पुस्तकभर जपून नेतात. शेवटी ते घर सापडतं. दार वाजवतात. बाप बाहेर येतो, समोर शक्ती असलेली पोरं बघून घाबरतो आणि पत्र आणणाऱ्या मुलावरच गोळी झाडतो. तो बाप वाईट नाही. वर्षानुवर्षं टीव्हीवर ऐकून त्याला फक्त रंग दिसायला लागला आहे. पालकांनी विचारलं की या पुस्तकात घेण्यासारखं काय आहे, तर मी हाच प्रसंग सांगते.

शेवटाशी मात्र माझं भांडण आहे. रूबी लिअमला वाचवण्यासाठी स्वतःला एका संघटनेच्या स्वाधीन करते आणि त्याच्या मनातून आपली आठवण पुसून टाकते. त्याला न विचारता. मुलींना हे फार त्यागाचं, सुंदर वाटतं. मला नाही वाटलं. छावणीवालेही 'तुमच्या भल्यासाठी' म्हणूनच मुलांना न्यायचे. घरात नववी-दहावीची मुलगी किंवा मुलगा हे वाचत असेल तर तिथे थांबून विचारा, तिने बरोबर केलं का? दुसऱ्याच्या भल्याचं त्याला न विचारता ठरवता येतं का? भाच्याचं आणि माझं यावर दोन संध्याकाळी भांडण चाललं. ताईला त्यात अभ्यास बुडाल्यासारखं वाटलं. मला वाटतं तोच अभ्यास होता.

वयाचं म्हणाल तर प्राथमिकच्या मुलांना हे देऊ नका. मरण फार आहे, छळ आहे. सातवीच्या शेवटी, इंग्रजी बऱ्यापैकी असेल आणि घरात कोणी सोबत वाचणारं असेल तर चालेल. पुढचे भागही आहेत, पण पहिल्यावर बोलणं झाल्याशिवाय दुसरा हातात देऊ नये.

स्तरनिश्चितीबद्दल मी काय करते तेही सांगते, कारण नुसती टीका करून सोडणं बरोबर नाही. माझी स्तरांची नोंद भिंतीवर नसते, वहीत असते आणि पेन्सिलने असते. प्रत्येक नोंदीपुढे तारीख असते. 'शब्द स्तर' असं कधीच लिहीत नाही, '१० जुलैला शब्द वाचतो' असं लिहिते. क्रियापद असलं की पुढच्या महिन्यात बदलावंसं वाटतं. पालकसभेत कोणाचाही स्तर मोठ्याने वाचत नाही, ज्याचा त्याला बाजूला बसवून सांगते आणि वाचून दाखवायला लावते. अधिकारी आले की तक्ता कुठे आहे असं विचारतात, तेव्हा वही दाखवते. आजवर कोणी रागावलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासालाही मनाई आहे. गरज पडली तर ते कलम आपल्या बाजूने आहे, हे लक्षात असू द्या.

आणि यंदा ३१ ऑगस्टला परिपाठात मी विमुक्त दिनावर दोन मिनिटं बोलणार आहे. कायद्याचं नाव चौथीच्या मुलांना कळणार नाही. पण तारेचं कुंपण कळेल, हजेरी कळेल, आणि सहा वर्षांच्या मुलाला आईपासून दूर नेता यायचं हेही कळेल. परिपाठ संपल्यावर मुलं जे प्रश्न विचारतील ते लिहून ठेवणार आहे. तुमच्या शाळेत तुम्ही बोललात तर तुमच्या मुलांचेही प्रश्न पाठवा.